आजारपण काकूंच्या नावावर

शिवणकामावर पोट भरणाऱ्या काकूंचं दोन खोल्यांचं घर गहाण होतं. ते सोडवण्याचा दावा मुदतीनंतर आला म्हणून कोर्टाने फेटाळला. काकूंनी कागद वेळेत दिले होते, ते पडून राहिले वकिलांच्या कपाटात. अपिलात उशिराचं कारण देणं भाग होतं, तेव्हा वकिलांनी आपला विसरभोळेपणा झाकून ठेवला आणि आजारपण काकूंच्या नावावर टाकलं.

"बाई, तेव्हा खरंच अंथरुणावर होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो साहेब," काकू मान खाली घालून म्हणाल्या. न्यायाधीशांनी अपील दाखल करून घेतलं.

बाहेर येताच वकिलांचा जीव भांड्यात पडला. "काकू, छान निभावलंत. पण तेव्हा एकदा आठवण करायची ना मला."

"आले होते की, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तुमच्या घरी. पण तुमच्या लेकीचं लग्न होतं आणि तुमचे डोळे भरलेले. म्हटलं, आता कुठे यांच्यापुढे माझ्या घराचं रडगाणं गायचं."

वकिलांना तो दिवस लख्ख आठवला. दारात काकूंना पाहून ते बायकोच्या कानात म्हणाले होते, "बोलावलं नव्हतं, तरी आल्या बघ जेवायला."