सूनबाईंची दुरुस्ती

आर्थिक वर्षाच्या अखेरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, पाणीपुरवठा कार्यालयाच्या संगणककक्षात मुख्य अभियंता बाईंच्या समक्ष चाचणी सुरू झाली. शहरातल्या झडपा उघडणारा प्रोग्रॅम महिनाभर मध्येच बंद पडत होता. तो लिहिणारे सासरे, आता निवृत्त, भिंतीलगत बसले होते. दुरुस्ती करणारी सून आपल्या लॅपटॉपपुढे. दुरुस्ती कसोटीला उतरली, तर विभागाचे प्रमुखपद तिचे होते.

"सूनबाई, खोट माझ्या प्रोग्रॅमात नाही, कार्यालयाच्या त्या जुनाट संगणकात आहे."

"बाबा, नाचता येईना, अंगण वाकडं!"

बाईंना हसू आवरेना. सासरे चष्मा पुसू लागले.

"बरं, हे कंटेनर काय प्रकरण आहे?" तिच्या पडद्यावरचे नाव वाचत सासऱ्यांनी विचारले.

"बंद डबाच म्हणा. संगणकाच्या पोटातला वेगळा संगणक. भरताना आत जे घातलं, तेवढंच त्याला ठाऊक. बाहेरचं वारंही लागत नाही."

हा डबा तिने शुक्रवारीच भरला होता. जुन्या प्रोग्रॅमचा दोष चारचौघांत दाखवावा म्हणून. पुढे तिलाच ते बरे वाटेना. घरच्या माणसाची शोभा कशाला? तो बेत सोडून शनिवार-रविवार तिने दुरुस्तीत घातले.

आता तिने कंटेनर सुरू केला, आतल्या आत प्रोग्रॅम कंपाइल करून यंत्रभाषेत उतरवला आणि चालवला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. उत्तर विभाग उघडला. पूर्व विभाग उघडला. मग टेकडीची टाकी आली. गाडी नेमकी इथेच अडत असे. तिने श्वास रोखला.

"गेली! पुढे गेली!" चाचणी पाहायला बसलेला कार्यालयाचा पंपचालक ओरडला आणि टेबलावर थाप मारून उभाच राहिला.

दक्षिण. पश्चिम. सारे शहर हिरवे झाले. तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

सासरे उठून जवळ आले. "हरलो बुवा. हाडाची कारागीर आहेस! बाई, पद हिलाच द्या."

"सही करण्याआधी दुरुस्ती वाचते," बाई म्हणाल्या. "आत्ता जे चाललं, तेच उघडा."

तिने कंटेनरातली फाइल उघडली. वरून खाली गेली. पुन्हा वर आली. तिचा हात थबकला.

बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि पेनाला टोपण लावले.

"यात तुमची एकही ओळ नाही. चालला तो सासऱ्यांचा प्रोग्रॅम. कार्यालयाचा संगणक बदला."