स्नायू की हाड?
"हिचा स्नायू आखडलाय, आई. रविवारी शर्यत आहे, मांडी जरा जोरात चोळ," असं म्हणत यार्क्कोनं हेल्मीला माझ्या टेबलावर बसवलं आणि तो बाहेर बाकीच्या मुलींकडे गेला. यार्क्को माझा मुलगा, कुओपिओच्या मुलींच्या धावण्याच्या संघाचा प्रशिक्षक. मी त्याच संघाची मालीशवाली. मी मांडी पुढून, मागून, आतून दाबून पाहिली, पण कुठेच दुखेना. मग तिच्या मांडीखाली माझा हात आडवा धरून मी गुडघा हलकेच खाली दाबला. ती किंचाळली. "झोपेतही ठणकतं का गं?" "हो मावशी. पण सरांना सांगू नका, संघातून काढतील." मी तेलाची बाटली बंद केली आणि यार्क्कोला हाक मारली. "स्नायू नाही, हिचं हाड दुखतंय. मी चोळणार नाही आणि ही धावणारही नाही." तो मुलींसमोर हसला. "तुझ्या बोटांत एक्स-रे आहे वाटतं!" "एक्स-रेत नाही दिसायचं ते. एमआरआय काढून आण." मी दार अडवून उभी राहिले, तेव्हा कुठे तो कुरकुरत तिला इस्पितळात घेऊन गेला. शुक्रवारी सराव चालू असताना यार्क्कोला डॉक्टरांचा फोन आला. मांडीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. रविवारी धावली असती तर हाड मोडलं असतं. आता काही महिने आराम केला की पुन्हा धावेल. हे ओळखलं कोणी, असं डॉक्टरांनी विचारलं असावं, कारण यार्क्को सगळ्या संघाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "आमच्या आईनं." आणि फोन ठेवून त्यानं उरलेल्या सहाही मुलींना माझ्या टेबलासमोर रांगेत उभं केलं.