चुकीची गाठ

फुजैल कारगिलच्या लढाईत गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्या वैद्यकीय तुकडीतला हणमंत पूर्णगडला फुजैलच्या घरी आला, तेव्हा त्याचे वडील कमालचाचा पडवीत जाळं विणत बसले होते.

"चाचा, माझ्या मांडीत गोळी घुसली, तेव्हा पट्टी फुजैलने बांधली. मला खाली पाठवून तो पुढच्या जखमीकडे वर गेला, तो गेलाच. डोंगर उतरेपर्यंत पट्टी तसूभर हलली नाही. खाली डॉक्टरांनी एक टोक ओढलं, तर लगेच सुटली. पाय वाचला. आता मी नव्या पोरांना पट्टी बांधायला शिकवतो, पण ती गाठ काही जमत नाही. फुजैल म्हणायचा, बाबांनी शिकवली."

"मी?" चाचांचे हात थांबले. "जाळ्याची गाठ ओढून सुटली तर मासळी राहील काय? सतरांदा सांगितलं त्याला, पण घाईत तश्शीच मारायचा. त्याच्या सगळ्या गाठी सोडून मी परत विणायचो."

हणमंतचा चेहरा उतरला. चाचा उठून आत गेले आणि जाळ्याचा वीतभर तुकडा घेऊन आले.

"त्याच्या हातचा एवढाच सोडायचा राहिला होता."

त्यातली एक गाठ त्यांनी हलकेच ओढली. दोरा कसा वळला होता ते निरखून पाहिलं. चाळीस वर्षं जाळी विणलेल्या त्या हातांनाही ती गाठ दोनदा जमली नाही. तिसऱ्यांदा गाठ बसली.

"बघ रे, अशी. पोरांना सांग, बरोबर अशीच मारायची."