बेंजोवर कोण

"आता इफेक्ट न लावलेलं ऐका," शिवांगी म्हणाली आणि तिनं हेडफोन आनंदराजच्या हातात दिला.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या हॉटेलात दुपारची गर्दी होती. हेडफोनच्या आत सामसूम. मग कुणीतरी खोकलं. मग आवाज आला, "बालाजी, घाई करू नगं. म्या सांगतो तवा ताल उचल."

आनंदराजचा हात चहाच्या कपावरच राहिला.

आवाज त्याच्या बापाचा होता.

शिवांगी पुण्याच्या एका नव्या बँडमध्ये सिंथ वाजवायची. सायकेडेलिक, थोडा इलेक्ट्रो-रॉक. असे नवे बँड हुडकून त्यांच्यावर लिहायचं, हा आनंदराजचा नाद. लातूरच्या बँकेतली नोकरी सांभाळून तो इन्स्टाग्रामवर पान चालवायचा. नऊ हजार लोक वाचायचे. यानं उचललेला बँड सहा महिन्यांत गाजतो, असं म्हणायचे. पानावर फोटो होता, नाव नुसतं आनंदराज. आडनाव नाही.

गेल्या महिन्यात शिवांगीच्या बँडचं पहिलं गाणं आलं. त्यानं लिहिलं:

'तिसऱ्या मिनिटाला एक वाद्य येतं. गिटार नाही. सिंथ नाही. तार वितळून कानात ओतावी तसं काहीतरी. हे पृथ्वीवरचं नाही.'

मुदखेडचं होतं.

त्याच्या बापाच्या, ज्ञानोबाच्या बेंजोचं होतं. टाइपरायटरसारखी बटनं, खाली तारा, शाम्पूच्या बाटलीतून कापलेली नखी. जयंतीला टेम्पोवर, लग्नसराईत वरातीपुढं. बँडनं त्यावर फक्त इफेक्ट लावले होते.

त्याच पानावर, दोन वर्षांपूर्वी, त्याच हातानं लिहिलेलं:

'आमच्याकडं वरातीतल्या बेंजोला संगीत म्हणतात. ऐकणाऱ्यांना माझी सहानुभूती.'

चारशे लोक हसले होते.

त्याच्याही आधी.
लोहा गाव. बँकेतल्या मित्राचं लग्न. गाडीत चौघं.
पुढं बेंजो.
"काय भंगार वाजवून राहिलंय रे हे म्हातारं," एक जण म्हणाला.
आनंदराज हसला. काच वर केली.
काचेपलीकडून बापानं त्याला पाहिलं. मग मान बटनांवर घातली.
त्यावर घरी दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही.

"कसं वाटलं?" शिवांगीनं विचारलं.

"चांगलंय."

"नुसतं चांगलंय? अहो, अर्धं पान भरून लिहिलंत तुम्ही! ते पृथ्वीवरचं नसलेलं वाद्य म्हणजे बेंजो. वरातीतला. बसतो विश्वास?" ती खुशीत होती. "भोकरच्या एका लग्नाचा व्हिडिओ सापडला आम्हाला. विचारत विचारत मुदखेड गाठलं. ज्ञानोबाकाका. तिथल्या समाजमंदिरातच रेकॉर्ड केलं. आज तिकडूनच आलेय."

आनंदराजनं मान हलवली.

"पुढच्या महिन्यात पुण्यात कार्यक्रम आहे. काका आमच्याबरोबर स्टेजवर बसणार. बेंजोवर कोण, ते लोकांना नीट सांगायला माणूस हवाय. त्यांच्या भागातला आणि संगीत कळणारा. तुम्ही सांगाल?" ती थांबली. "नांदेडकडचेच ना तुम्ही? बोलण्यावरून वाटतं. ओळखता का त्यांना?"

माझे वडील. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

जिभेवर आले. दातांपर्यंत आले. त्यांच्यामागून आडनाव आलं. चारशे हसणी आली. वर केलेली काच आली.

"न्हाई," तो म्हणाला. "तिकडं लई बेंजोवाले हायत."

लातूरला आल्यापासून तो असं बोलत नसे. त्याचे कान तापले.

शिवांगीनं हेडफोन गुंडाळून पिशवीत टाकला. "मला वाटलंच होतं. त्यांनाही विचारलं मी सकाळी. तुम्ही गाण्यावर लिहिलेलं मोबाइलवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मला. मग तुमचा फोटो बघत बसले. किती वेळ! मी म्हटलं, काका, ओळखीचे आहेत का?"

आनंदराजनं कप बशीत ठेवला. कप वाजला.

"काय म्हणाले?"

शिवांगी हसली. काकांच्या बोलण्याची तिला गंमत वाटत होती. तिनं त्यांचा सूर धरला.

"म्हणाले, 'न्हाई बाई, वळखीचं न्हाई ते. पर हे बेंजो हाय म्हून त्याला सांगू नगा. लई मन लावून लिवलंय त्यानं.'"