बोटाला लागलेली धडधड

"सही करा, आई. उशीर नको."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. खाटेवरची मुलगी पांढरीफटक पडली होती. दोन महिन्यांपूर्वी तिचा गर्भ पडला, तेव्हा पिशवी खरवडून साफ केली होती. कालपासून पुन्हा रक्त जात होतं आणि थांबायचं नाव नव्हतं.

"आत काहीतरी राहिलंय. पुन्हा क्युरेटिंग करू, की झालं."

"आई म्हणेल तसं," मुलगी पुटपुटली. "फक्त पिशवी काढू नका हो. मला मूल हवंय."

म्हातारीनं पेन खाली ठेवलं. "आधी रंगीत सोनोग्राफी करा. रक्त कुठून कुठे वाहतंय ते दिसेल."

"मोबाईलवर वाचलंत वाटतं?"

"तपासताना बोटाला धडधड लागली का?"

डॉक्टरीणबाई थबकल्या. लागली होती खरी, पण त्यांनी ती मनावर घेतली नव्हती.

"मशीन आणा," त्या नर्सला म्हणाल्या.

मुलीच्या कपाळाला हात लावण्याआधी म्हातारी बेसिनपाशी गेली. कोपरापर्यंत साबण चोळला, बोटं वर धरून पाणी निथळू दिलं.

नर्सला हसू आलं. "आजी, ऑपरेशनला निघालात की काय?"

"जुनी सवय."

नर्सनं फॉर्म पुढे ओढला. "पेशंटच्या आईला कधी असा त्रास?"

"झाला होता."

"मग तुमचा जीव किती टांगणीला लागला असेल, कळतं मला. रक्त लागलं तर तुमचं जुळेल?"

"नाही जुळत. केव्हाच बघून ठेवलंय."

पडद्यावर लाल-निळा गुंता उसळत होता. पिशवीच्या भिंतीत धमनी थेट शिरेला जाऊन मिळाली होती. मधे अडवणारं काहीच नाही. रक्त पुरासारखं धावत होतं.

"इथे खरवडलं असतं तर रक्त आवरलंच नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुपारी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी पिशवीपर्यंत नेली आणि तो गुंता आतूनच बुजवला. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. पिशवी शाबूत राहिली. मुलीनं चक्क चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कुरकुरही केली.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हातारीशेजारी बाकावर टेकल्या.

"आई, तुम्ही अडून बसला नसतात तर आज ती माझ्या हातून गेली असती. धडधड लागूनही मी तशीच पुढे निघाले होते." त्यांनी नर्सनं भरलेल्या फॉर्मवर बोट ठेवलं. "तुमच्या वेळी हे कोणी ओळखलं होतं?"

"कोणीच नाही. आणि दुखणं माझं नव्हतं, हिच्या आईचं होतं."

"पण हिची आई तर तुम्हीच ना?"

म्हातारीनं आपली बोटं पदरात गुंडाळून घेतली.

"मलाही धडधड लागली होती, डॉक्टर. तरी मी क्युरेटिंग केलं, आणि ती माझ्या हातून गेली. ही तेव्हा दीड महिन्याची होती."