लागू पडलेलं औषध

माघ सरत आला की भागाबाईचं पोट साफ होईनासं व्हायचं, हे धरणगावच्या डॉक्टरांना एव्हाना पाठ झालं होतं. श्रावणात, दिवाळीत बाई ठणठणीत. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पोट धरून दवाखान्याच्या बाकावर. इसबगोल झालं, एरंडेल झालं, गोळ्या झाल्या. या खेपेला दिलेली पातळ औषधाची बाटली तर तिने जवळजवळ भरलेलीच परत आणली.

"घेतलं नाही का, बाई?"

"एकडाव लिधं."

"मग? गुण नाही आला?"

"उना ना. भर दुपारले उना."

डॉक्टर खूश झाले. "अहो, मग चांगलं लागू पडलं की. सोडलं कशाला?"

भागाबाईने पदर पुढे ओढला. त्या दुपारी ती गावाबाहेर पळाली, तर गावालगतच्या वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या. बांधापासून सडकेपर्यंत नुसती काळी माती, आणि सडकेवर माणसं. बसणार कुठे? ती तशीच माघारी फिरली. घर येईपर्यंत लुगडं धुवायला झालं होतं.

"औषध अंधारानी वाट नही देखस, भाऊ," ती एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि फळीवरच्या दुसऱ्या बाटलीकडे हात नेला.

"ती राहू द्या. जुलाब बंद करानी गोळी शे का? ती द्या, कपाशी कंबरइतली व्हस तोपर्यंत."