करंजाचं तेल

कोमट करंजतेलाची वाटी घेऊन कुमुद न्हाणीच्या दाराशी येऊन थबकली. सवयीने तेल तापवलं खरं, पण लावणार कुठे? नवऱ्याच्या पाठीवरचे सोरायसिसचे चट्टे तर गेले होते.

संशोधनासाठी त्याला दिलेलं इंजेक्शन होतं वजन उतरवायचं. "ते मेंदूलाच सांगतं, पोट भरलं म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण त्याने कातडी कशी निवळली, तेच शोधतोय आम्ही."

त्यांनाच कळेना, तर हिला काय कळणार? लग्नापासून तिने त्या चट्ट्यांना शिव्या घातल्या होत्या. आता पेढे वाटायचे, तर जीव कशातच लागत नव्हता. तो दुसरी भाकरी मागत नव्हता, तेलासाठी हाक मारत नव्हता. एवढ्याशा सुईने तिची दोन्ही कामं पळवली होती.

न्हाणीचं दार उघडलं. वाटी दिसताच तो उघड्या अंगानेच पाटावर बसला, तिच्याकडे पाठ करून.

"अहो, तिथे आता काही नाही."

"माहितेय. मला वाटलं होतं, सुटलीस तू."

तिने बोटं तेलात बुडवली. ती नितळ पाठीवर जुन्या चट्ट्यांच्याच वाटेने फिरू लागली.